मधला आवाज धरून ऐका

आमच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, मी आल्टो गाते. वर सोप्रानो, खाली टेनर आणि बास, मध्ये आम्ही. देखण्या चाली सोप्रानोच्या वाट्याला येतात, भारदस्तपणा बासच्या. आमच्या वाट्याला पुष्कळदा ओळभर एकच सूर. पहिलं वर्षभर मला वाटायचं की आपल्याला नुसतं भरतीला घेतलंय. मग एका तालमीत कंडक्टरनी, म्हणजे हाताच्या इशाऱ्यांवर आम्हाला गायला लावणाऱ्यांनी, बाकीच्यांना गप्प केलं आणि फक्त आल्टो आणि टेनरला गायला लावलं. मी माझा सूर धरून उभी. टेनर एक पायरी खाली सरकले, आणि क्षणापूर्वी गुण्यागोविंदाने नांदणारा माझा तोच सूर एकदम टोचायला लागला. मी काही केलं नव्हतं, जागची हललेही नव्हते. पुढच्या मात्रेला मी एक पायरी उतरले आणि सगळं निवळलं. कंडक्टर म्हणाले, "पुन्हा." आम्ही ते पाच वेळा म्हटलं आणि पाचही वेळा माझा घसा दाटला.

युरोपातलं पंधराव्या-सोळाव्या शतकातलं चर्चमधलं समूहगान कसं ऐकायचं, असं कुणी विचारलं की मी या जागेपासून सुरुवात करते. संगीतकारांची नावं, साल, लॅटिन हे सगळं नंतर. आधी हा एक सांधा कानात बसू दे.

पेटी किंवा कीबोर्ड असेल तर आत्ता करून बघा, नसेल तर मोबाइलवरचा पियानो चालेल. डाव्या हाताने मध्य सप्तकातला ग दाबा, उजव्या हाताने तार सा. छान वाटतं, तक्रार नाही. आता उजवा हात तसाच ठेवा आणि डावा ग वरून रे वर आणा. तार सा खाली रे आला की काहीतरी खुपतं. तिथे घाई करू नका, थांबा, ते खुपणं पुरतं ऐका. मग रे तसाच ठेवून उजवा हात सा वरून शुद्ध नी वर उतरवा. ओझं उतरल्यासारखं होतं, पण अजून घरी पोचल्यासारखं नाही. शेवटी दोन्ही हात एकदम हलवा: डावा रे वरून सा, उजवा नी वरून तार सा. आता पोचलो.

चार पावलांची ही चाल म्हणजे त्या काळच्या संगीतातला पूर्णविराम. शेकडो रचनांमध्ये वाक्य संपतं तिथे ती असते. मधल्या खुपण्याला सस्पेन्शन म्हणतात, म्हणजे टांगून ठेवणं. एक आवाज जागा सोडत नाही, दुसरा पुढे गेलेला असतो. त्या काळचा नियम कडक होता: बेसूर वाटेल असा सूर ठळक मात्रेवर आणायचा तर आधी तो सुरेल असतानाच धरलेला हवा आणि नंतर एक पायरी खाली उतरून सुटायला हवा. टोचणी अचानक येत नाही. तुम्ही तिला आधीपासून ओळखत असता, म्हणून ती मनाला लागते.

आता पहिली रचना घ्या, इटालियन संगीतकार पालेस्त्रीनाची 'सिकुत चेर्वुस'. चार आवाज, जेमतेम तीन मिनिटं. शब्द स्तोत्रातले आहेत: हरीण जसं पाण्याच्या झऱ्यांची आस धरतं, तसा माझा जीव, देवा, तुझी आस धरतो. पालेस्त्रीना १५९४ मध्ये गेला आणि ही रचना छापली गेली १६०४ मध्ये. ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्म्याच्या पाण्याला आशीर्वाद देतात, त्या विधीतले हे शब्द. म्हणून झरा.

ऐकताना सगळ्यात मोठी चूक आपण सगळेच करतो. एक गायक, मागे तानपुरा आणि साथ, या मांडणीची कानाला इतकी सवय असते की आपण लगेच 'मुख्य चाल' शोधू लागतो. सगळ्यात वरचा आवाज ठळक ऐकू येतो, तोच गायक असं धरून चालतो आणि बाकीच्यांना साथीला बसवतो. इथे साथ नाहीच. चारही जण मुख्य गायक आहेत आणि चौघांकडे तीच चाल आहे, फक्त वेळ वेगवेगळी. 'सिकुत चेर्वुस'मध्ये टेनर सुरू करतो. त्याचं वाक्य संपायच्या आत आल्टो तीच चाल घेऊन येतो, मग सोप्रानो, शेवटी बास. चौघं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात आणि तरी भांडण होत नाही.

म्हणून एकाच बैठकीत चार वेळा ऐका. पहिल्या खेपेला टेनर धरा. सोप्रानो आला की कान तिकडे पळेल, तो धरून आणा. दुसऱ्या खेपेला बास, कारण तो सगळ्यात उशिरा येतो आणि आला की खोलीला जमीन मिळते. तिसऱ्या खेपेला सोप्रानो, ते सोपं आहे. चौथ्या खेपेला आल्टो, हे अवघड. आल्टो मध्येच कुठेतरी बुडतो, पुन्हा सापडतो, पुन्हा बुडतो. सापडत नसेल तर शांत बसा आणि टोचणीची वाट बघा. कुठे तरी खुपेल, आणि खुपणारा सूर बरेचदा मधल्या आवाजातलाच असतो. चार खेपांना पाव तास लागतो. पाचव्यांदा काहीच धरू नका.

या चार खेपांत आणखी एक गोष्ट हाताला लागेल. चालीने मोठी उडी मारली की ती बहुधा लगेच उलट दिशेने वळते आणि पायरी-पायरीने ती जागा भरून काढते. पालेस्त्रीनाच्या ओळी कागदावर पेन्सिलने जोडत गेलं तर कमानी दिसतात: चढ, माथा, उतार. एक कमान उतरणीला लागलेली असताना शेजारची चढत असते. म्हणून या संगीतात कुठे भोक पडत नाही, सगळे आवाज एकदम श्वास घ्यायला थांबतात असं क्वचितच होतं. आणि जेव्हा होतं, तेव्हा ते मुद्दाम केलेलं असतं.

मात्रा कशी मोजायची हा प्रश्न येतोच, कारण तबला नाही आणि सम कळत नाही. दोन बोटं मनगटावर ठेवा. १४९६ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात गाफुरियस या संगीतशास्त्रज्ञाने मात्रेचं माप शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाडीला जोडलं आहे. हात खाली, हात वर, एवढाच ताल. त्या काळच्या गायकांपुढे सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक मांडलेला कागदही नसे. मोठ्या घडवंचीवर एक भलंमोठं पुस्तक, उघडलेल्या दोन पानांवर प्रत्येक आवाजाची ओळ स्वतंत्र कोपऱ्यात, मात्रांच्या रेघा नाहीत, आणि सगळे जण त्या एकाच पुस्तकात बघून गाणार. दुसरा काय गातोय हे डोळ्यांना कळायची सोय नव्हती, कानच उघडे ठेवावे लागत.

माझ्यापुढे सगळ्या ओळी छापलेल्या असतात, तरी एका रंगीत तालमीत मी बारा मात्रांची विश्रांती अकराच मोजली आणि एक मात्रा आधी घुसले. गंमत अशी की कुणाला चटकन कळलंच नाही. चाल तीच होती, सूर तोच होता. दीड ओळ मी मजेत गात गेले. मग पूर्णविराम आला. जिथे मी टोचायचं आणि मग सुटायचं, तिथे मी आधीच सुटून बसले होते. टोचणी नाही, त्यामुळे सुटकाही नाही, सगळं वाक्य पिठूळ लागलं. कंडक्टरनी थांबवलं आणि माझ्याकडे बघितलंही नाही, हे जास्त लागलं.

शब्दांचं काय करायचं? लॅटिन शिकायची गरज नाही. 'मास' ही प्रार्थनासभा, आणि तिचे पाच भाग सगळे संगीतकार पुन्हा पुन्हा बांधतात: कीरिए, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस, आग्नुस देई. मजकूर तोच, संगीत नवं. त्यामुळे एकदा अर्थ वाचला की शेकडो रचनांना पुरतो. कीरिए तर लॅटिन नाहीच, ग्रीक आहे, आणि त्यात शब्दही मोजके: प्रभो दया कर, ख्रिस्ता दया कर, प्रभो दया कर. तीन खोल्यांचं घर. क्रेदो लांबलचक आहे, त्यात हरवायला होतं, पण खुणा सापडतात. 'देसेंदित', म्हणजे स्वर्गातून उतरला, या शब्दावर ओळी बहुधा उतरतात. 'आसेंदित'वर चढतात. क्रुसावर खिळल्याचे शब्द येतात तिथे बरेच संगीतकार गायक कमी करतात, मोठ्या कॉयरमधून तीन-चार आवाजच उरतात. हे एकदा लक्षात आलं की भाषा न येताही कळतं आपण कुठे उभे आहोत.

आता बांधकाम. टेनर हा शब्दच मुळात लॅटिनमधल्या 'धरणे' या क्रियापदावरून आला. जुन्या रचनांमध्ये टेनर एखादी ओळखीची प्राचीन चाल अतिशय संथ लांबवून धरायचा आणि बाकीचे आवाज तिच्याभोवती बांधले जायचे. त्या संथ ओळीकडे चाल म्हणून ऐकू नका, ती कळणारच नाही, फार ताणलेली असते. खांब म्हणून ऐका.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे ग्यीयोम द्युफाईची 'नुपेर रोसारुम फ्लोरेस'. २५ मार्च १४३६ ला फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलची प्रतिष्ठापना झाली, पोप युजीन चौथा स्वतः हजर होता, आणि त्या दिवसासाठी ही रचना झाली. वास्तुकार ब्रुनेलेस्कीचा प्रचंड घुमट त्याच वर्षी पुरा होत होता, तोही लाकडी कमानीचा आधार जमिनीपासून न उभारता, दोन कवचांचा, आत एक आणि बाहेर एक. द्युफाईने खाली एका टेनरऐवजी दोन ठेवले. दोघं एकच जुनी चाल गातात, पाच सुरांच्या अंतरावर आणि वेळेत मागेपुढे. त्या चालीचे शब्द चर्चच्या प्रतिष्ठापनेचेच आहेत: हे स्थान भयचकित करणारं आहे.

रचनेचे चार भाग. प्रत्येकात आधी वरचे दोन आवाज २८ मोठ्या मात्रा एकटेच गातात, मग पुढच्या २८ मात्रांना खालचे दोन टेनर येतात. चार भागांत त्या मात्रेचं माप बदलत जातं आणि लांबीचं प्रमाण पडतं ६:४:२:३. १९७३ मध्ये एका अभ्यासकाने दाखवायचा प्रयत्न केला की हे प्रमाण त्या कॅथेड्रलच्या मोजमापांचं आहे. पुढे दुसऱ्याने म्हटलं, नाही, हे बायबलातल्या शलमोनाच्या मंदिराचं प्रमाण: लांबी ६० हात, त्यातला मुख्य भाग ४०, रुंदी २०, उंची ३०. मला दुसरं पटतं, आकडे थेट पुस्तकातच आहेत. पण ऐकताना प्रमाण कानाला कळतं असा दावा मी करणार नाही, मला तरी कळत नाही. कळते ती एक जागा. वरचे दोन आवाज बराच वेळ हवेत तरंगत असतात, सुंदर पण बिनबुडाचे, आणि मग खाली टेनर उभे राहतात. आधी छत आणि मागून खांब! दर भागात ही जागा येते. चार वेळा मिळेल, एकदा तरी पकडाच.

रेकॉर्डिंग निवडताना जागेचा विचार करा. दगडी चर्चमध्ये सूर सोडला तरी काही सेकंद तरंगत राहतो. गेलेला सूर आणि आलेला सूर एकमेकांवर पडतात, म्हणून चाल पायरी-पायरीने जाते आणि सूर घाईने बदलत नाहीत, नाहीतर नुसता गोंधळ होईल. इमारत हा न लिहिलेला पाचवा आवाज. कोरड्या स्टुडिओतलं रेकॉर्डिंग ओळी शिकायला उत्तम, पण राहायला नको. सुरुवातीला एका ओळीला एक किंवा दोन गायक असलेलं रेकॉर्डिंग घ्या. साठ जणांचा कॉयर सगळं गुळगुळीत करून टाकतो आणि तुम्हाला सांधे दिसत नाहीत.

व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलमध्ये ऑर्गन नव्हता. भिंतीतल्या एका छोट्या सज्जात गायक दाटीवाटीने उभे राहून विनासाथ गात, आणि वाद्यांशिवाय गाण्याला आजही 'आ कापेल्ला', म्हणजे चॅपेलच्या पद्धतीचं, असं म्हणतात. व्हेनिसच्या सान मार्को चर्चमध्ये उलट तऱ्हा. १५२७ पासून तिथे विलार्ट संगीतप्रमुख होता, आणि त्याच्या काळापासून कॉयरचे दोन भाग करून एकाने प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, ही रीत तिथे नावारूपाला आली. पुढे जोव्हानी गाब्रिएलीने तिला पितळी वाद्यांची जोड दिली. हे हेडफोन लावून ऐका, डावं-उजवं कळायला हवं. (बायकांना चर्चच्या कॉयरमध्ये जागा नव्हती, मठ सोडले तर. माझी ओळ तेव्हा पुरुष किंवा मुलगे गायचे. हे आठवलं की मला एक मात्रा आधी घुसल्याचं फारसं वाईट वाटत नाही.)

या सगळ्याची कमाल म्हणजे इंग्लंडच्या थॉमस टॅलिसची 'स्पेम इन आलिउम', सुमारे १५७० ची. चाळीस स्वतंत्र आवाज, पाच-पाच जणांचे आठ कॉयर. नवख्याला सगळे हीच आधी ऐकवतात, मी सांगते, महिनाभर थांबा. आधी ऐकलीत तर नुसती लाट अंगावर येते, आणि लाटेत एक-एक माणूस आहे हे निसटतं. मग ऐकाल तेव्हा कळेल: सुरुवात मोजक्या आवाजांनी होते, गाणं एका कॉयरकडून दुसऱ्याकडे सरकत जातं, जसं कुणी दिवा घेऊन मोठ्या दालनात कडेकडेने चालतंय. चाळीसाव्या मोठ्या मात्रेला पहिल्यांदा सगळे चाळीस जण एकदम. शेवटाकडे अचानक सगळं थांबतं. पूर्ण शांतता, आणि मग चाळीस जण एका तोंडाने म्हणतात 'रेस्पिचे', बघ. कशाकडे? आमच्या क्षुद्रपणाकडे. एवढं अवाढव्य बांधकाम उभारून त्याच्या माथ्यावर हे वाक्य ठेवलंय.

टॅलिसचा धाकटा सहकारी विल्यम बर्ड याला मात्र लहान जागाच लागायची. प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये तो कॅथलिक होता. त्याचे तीन मास १५९२ ते १५९५ च्या दरम्यान छापले गेले, पण मुखपृष्ठाशिवाय, कारण असं संगीत श्रीमंत घरांच्या बंद दारांआड, मोजक्या गायकांनी, लपून गायचं. १६०५ मध्ये त्याच्या 'ग्राडुआलिया'चा पहिला भाग आला आणि त्या वह्या जवळ सापडल्या म्हणून एका माणसाला तुरुंगात टाकलं गेलं. त्यातलीच 'आवे वेरुम कोर्पुस' ऐका, चार मिनिटांची. पहिल्या तीन शब्दांतच बघा: वरच्या आवाजातला तीव्र सूर ओठांवरून जातो न जातो तोच बास तोच सूर उतरलेला, साधा घेऊन येतो. एकाच स्वराची दोन रूपं अंगाला अंग घासून जातात. शब्द आहे 'वेरुम', खरं. खरं शरीर, हो, खरंच. ज्या देशात असं म्हणणं धोक्याचं होतं तिथे त्याने नेमका त्याच शब्दाजवळ सूर मुरगळला. मला ही जागा गाताना दर वेळी बासकडे वळून बघावंसं वाटतं.

काही गोष्टी भराभर. पालेस्त्रीनाच्या 'पोप मार्सेलस मास'ने चर्चमधलं बहुस्वरी संगीत बंदीपासून वाचवलं, ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ऐकून घ्या आणि सोडून द्या, तिला पुरावा नाही. मार्सेलस १५५५ मध्ये अवघे २२ दिवस पोप होता, आणि मास छापला गेला १५६७ मध्ये. मात्र शब्द स्पष्ट ऐकू यावेत हा त्यातला कटाक्ष खरा आहे, सहा आवाज असूनही ग्लोरिया अक्षर-अक्षर कळतो. अलेग्रीचा 'मिझेरेरे' या यादीत नेहमी घुसतो, पण तो सतराव्या शतकातला आहे, आणि त्यातला तो सुप्रसिद्ध उंच सूर नंतरच्या नकलांमधल्या चुकीतून आलेला. तरी सुंदर आहे, चूक सुंदर असू शकते. जेझुआल्दो हा संगीतकार दमवतो, त्याला शेवटी ठेवा. स्पॅनिश संगीतकार व्हिक्टोरियाचं १६०५ मध्ये छापलेलं 'ऑफिसिउम देफुंक्तोरुम', सम्राज्ञी मारियाच्या अंत्यविधीसाठी लिहिलेलं, दुःखाच्या दिवसासाठी राखून ठेवा. आणि झोप यावी म्हणून यातलं काहीही लावू नका. झोप येते, पण टोचण्या वाया जातात.

शेवटची रचना म्हणून मी जोस्कँ दे प्रेची 'आवे मारिया... व्हिर्गो सेरेना' देते, खरं तर द्युफाई सोडला तर ती सगळ्यांच्या आधीची. १५०२ मध्ये पेत्रुच्चीने व्हेनिसमध्ये छापलेल्या मोटेटांच्या, म्हणजे लॅटिन धार्मिक शब्दांवरच्या अशा समूहगीतांच्या, पहिल्या संग्रहात तिला पहिला मान. सुरुवात एकेका आवाजाची, वरून खाली: सोप्रानो, आल्टो, टेनर, बास, तीच चाल, पायऱ्या उतरल्यासारखी. आता तुम्ही चौघांना ओळखता. मग दोघं-दोघं बोलतात, मध्ये ताल तीनाचा होतो आणि सोप्रानोच्या पाठोपाठ एका मात्रेच्या अंतराने टेनर सावलीसारखा चालतो. पाच मिनिटं एवढी कारागिरी झाल्यावर सगळे थांबतात. आणि मग चौघं एकत्र, लांब-लांब सुरांत, कसलीही नक्षी न करता म्हणतात: 'ओ मातेर देई, मेमेंतो मेई'. देवाच्या आई, माझी आठवण ठेव. 'आमची' म्हटलेलं नाही. शेवटचा आमेन सा आणि प वर संपतो, मध्ये ग नाही, मोकळी चौकट.

आमचा हा कार्यक्रम एका दगडी चर्चमध्ये झाला आणि त्याचं रेकॉर्डिंग आहे. आमेननंतर कंडक्टरचा हात वरच राहिला होता, सूर छतापर्यंत जाऊन विरत होता, कुणी हललं नव्हतं. नीट ऐकलं तर त्या शांततेत डावीकडून एक कागद सळसळतो. ती मी, पुढच्या गाण्याचं पान उलटताना.